वाचकांचे प्रश्न : घरच्या अंगणात गाडी रंगवताना

जुन्या दुचाकीच्या देखभालीवर मागच्या अंकात लिहिताना ‘टाकी आणि साइड पॅनल घरीही रंगवता येतात’ असं एक वाक्य आलं होतं. त्या वाक्यावर बरीच पत्रं आली. कुणी रंगवायला निघालेत, कुणाचा रंग बिघडलाय. त्यातले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

माझी शंभर सीसीची गाडी बारा वर्षांची झाली. इंजिन ठणठणीत आहे, पण टाकीचा काळा रंग उन्हानं पांढुरका पडलाय आणि खालच्या कडेला दोन ठिकाणी गंज आहे. पेंटरनं साडेचार हजार सांगितले. माझ्याकडे दोन हजारच आहेत. स्प्रेचे डबे आणून घरी होईल का? नेमकं काय काय आणू?
— एक वाचक, गेवराई (जि. बीड)

होईल. मात्र दोन हजार कुठं घालायचे आणि कुठं वाचवायचे, हे आधी ठरवा. पेंटरच्या बिलात मोठा वाटा मजुरीचा असतो. भाग काढणं, जुना रंग घासणं, गंज खरवडणं, लांबी (पोचे बुजवायची पुट्टी) भरणं, पुन्हा घासणं ही सगळी मजुरी. ती तुम्ही स्वतः केलीत की निम्म्याहून जास्त पैसे वाचतात. ज्याच्यावर वाचवू नये तो म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर. टाकीवर पेट्रोल सांडणारच, आणि ते सोसायचं काम हाच थर करतो.

टाकी, दोन साइड पॅनल, मागची शेपटी आणि हेडलाइटचं कव्हर एवढ्यासाठी ४०० मिलीचा अस्तराचा (रंगाखाली मारायच्या प्रायमरचा) एक डबा आणि रंगाचे दोन डबे पुरतात. लाल किंवा पिवळा रंग असेल तर तीन धरा, कारण हे रंग खालचं लवकर झाकत नाहीत. काळा सगळ्यात सोपा. पॉलिश पेपर १८० नंबरचे दोन, ३२०, ४०० आणि ६०० चे प्रत्येकी दोन. मास्किंग टेप एक. साधी चिकटपट्टी नको, ती रंग ओढून काढते. सुती फडकी घरची चालतील, पण धुतलेली आणि धागे न सुटणारी हवीत. भांडी घासायचा द्रव साबण. मोंढ्यातल्या रंगाच्या दुकानात स्प्रेचा डबा साधारण अडीचशे ते साडेतीनशेला मिळतो, म्हणजे एवढं सामान बाराशेच्या आसपास बसतं. उरलेले सात-आठशे क्लिअरसाठी राखून ठेवा. ते कसे खर्च करायचे ते पुढच्या उत्तरात आहे.

पहिलं काम टाकी उतरवणं. गाडीवर ठेवून रंगवू नका, कडा कधीच नीट होत नाहीत. सीट काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा, नळी ओढा, मागचा बोल्ट सोडवा (बहुतेक गाड्यांत १० किंवा १२ नंबरचा पाना लागतो), पेट्रोलच्या काट्याच्या वायरचा सॉकेट काढा आणि टाकी मागं ओढून वर उचला. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत बहुतेकदा फ्युएल इंजेक्शन असतं. तिथं पंप टाकीच्या आत बसवलेला असतो आणि नळीत दाब राहतो. ती टाकी मेकॅनिककडूनच उतरवून घ्या.

टाकी रिकामी केली म्हणजे धोका गेला, असं समजू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. पेट्रोल झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये काढा, टाकी साबणाच्या पाण्यानं दोन-तीनदा खळबळून धुवा आणि झाकण उघडं ठेवून उन्हात पूर्ण वाळवा. जवळ चूल, गॅस, उदबत्ती, ग्राइंडर काही नको.

टाकी बाहेरूनही साबणानं दोनदा धुतली की मग घासणं. रंगाचं आयुष्य इथंच ठरतं. गंजाच्या जागी १८० नंबरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा. गंजावर रंग मारला तर गंज आत वाढतच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात फुगवटा येतो. उघड्या लोखंडाभोवती जुन्या रंगाची पायरी तयार होते, ती ३२० नंबरनं उतरती करा. डोळे मिटून बोट फिरवा. कड बोटाला लागली तर ती रंगाखालूनही दिसणार. बाकीचा जुना रंग पक्का असेल तर तो पूर्ण काढायची गरज नाही. ४०० नंबरनं पाणी लावून त्याची चमक पूर्ण मारा. कुठंही चकाकणारा ठिपका राहिला की तिथून पोपडा निघतो. झाकणाच्या भोवती आणि खालच्या कडेला हात पोचत नाही म्हणून लोक सोडून देतात आणि पोपडे तिथूनच सुरू होतात.

धुताना पाण्याकडे लक्ष द्या. आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षाराचं. ते टाकीवर वाळलं की पांढरे डाग राहतात, आणि हे क्षार रंगाखाली गेले की ओल ओढून घेतात. काही महिन्यांनी बारीक फोड येतात ते त्यामुळे. घासायला बोअरचं पाणी चालेल, शेवटचं खंगाळणं मात्र फिल्टरच्या किंवा जारच्या पाण्यानं करा. दोन-तीन लिटर पुरतं. लगेच फडक्यानं कोरडं करा, आपोआप वाळू देऊ नका. घासताना निघालेलं रंगीत पाणी जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका.

उघड्या लोखंडावर त्याच दिवशी अस्तर मारा. दमट हवेत घासलेलं लोखंड एका रात्रीतही तांबूस पडतं. अस्तराचे दोन-तीन पातळ हात, दोन हातांमध्ये १० मिनिटं. रात्रभर वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी ६०० नंबरनं पाण्यात हलक्या हातानं घासून गुळगुळीत करा. घासताना लोखंड उघडं पडलं तर तिथं पुन्हा अस्तर. फडक्यानं धूळ काढा, मग रंग.

डबा हलवताना आतल्या गोळीचा आवाज सुरू झाल्यानंतर पूर्ण दोन मिनिटं हलवा. अंतर २० ते २५ सेंटीमीटर, साधारण एक वीत. बटण टाकीच्या बाहेर दाबा, हात सरळ ओढत न्या आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच सोडा. टाकीवर हात थांबवून बटण दाबलं की तिथंच ओघळ येतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवा. पहिला हात नुसता भुरका, खालचं अस्तर दिसत राहिलं पाहिजे. तो रंगाला धरायला जागा देतो. त्यानंतर १० मिनिटांच्या अंतरानं दोन किंवा तीन ओले हात. ‘एका हातात झाकून टाकू’ ही घाई केली की बहुतेक बिघाड तिथंच होतो, हे लक्षात ठेवा.

दिवाळीत टाकी स्प्रेनं रंगवली, वरून क्लिअरचा डबाही मारला. छान चमकत होती. पंपावर पेट्रोल भरताना थोडं सांडलं, फडक्यानं पुसलं तर रंग फडक्याला आला आणि जागा चिकट झाली. डबा नकली होता का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

डबा नकली असेलच असं नाही. स्प्रेच्या साध्या डब्यातला रंग आणि क्लिअर, दोन्ही बहुधा फक्त थिनर उडून वाळतात. त्यात कुठलीही रासायनिक जोडणी होत नाही. जे थिनर उडून वाळलं ते तशाच द्रावकात पुन्हा विरघळतं किंवा मऊ पडतं. पेट्रोल असाच द्रावक आहे, शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, तेही या थराला मऊ करतं. महिनाभर वाळवा, उन्हात ठेवा, वरून वॅक्स लावा. यानं थोडाफार फरक पडेल, पण हा थर पेट्रोलला पुरून उरणार नाही.

टाकीला हार्डनर घालायचं पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअरच लागतं. यात दोन डबे असतात, क्लिअर आणि हार्डनर. दोन्ही मिसळल्यावर ते एकमेकांशी जोडले जाऊन कडक होतात आणि पूर्ण पिकल्यावर पेट्रोलमध्ये विरघळत नाहीत. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, कुठं दोनास एक, कुठं चारास एक. तेच पाळा, अंदाजानं नको. हार्डनर कमी पडला तर थर चिकट राहतो. ‘जास्त घातला तर जास्त कडक’ हेही खरं नाही, जास्तीनं थर ठिसूळ होतो.

मात्र हे क्लिअर घरी मारू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा फुप्फुसात गेला की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची चीड बसली की पुढं अगदी थोड्या वासानंही त्रास होतो. रुमाल, कापडी मास्क, दवाखान्यातला निळा मास्क यांचा इथं काही उपयोग नाही. हे काम करणाऱ्यालाही हवा बाहेरून पुरवणारा मुखवटा असणं सर्वांत सुरक्षित. शिवाय याला कॉम्प्रेसर आणि गन लागते.

म्हणून दोन हजारांत बसणारा मार्ग असा. घासणं, अस्तर, रंग सगळं घरी करा. मग टाकी आणि पॅनल सुटे घेऊन गावातल्या पेंटरकडे जा आणि फक्त क्लिअर मारून द्यायला सांगा. तो दुसऱ्या गाडीला क्लिअर मारत असेल त्याच दिवशी गेलात तर त्याचा माल वाया जात नाही आणि तुम्हालाही कमीत होतं. भाव आधी ठरवा. रंग मारण्याआधीच त्याला डबा दाखवा. डब्यावर अॅक्रिलिक किंवा नायट्रोसेल्युलोज असं असेल तर त्यावर पीयू क्लिअर चालतं, पण रंग किमान रात्रभर वाळलेला हवा आणि क्लिअरचा पहिला हात हलका हवा. डब्यावर एनॅमल लिहिलं असेल तर आधी आतल्या बाजूला छोटी चाचणी करून घ्या.

तुमच्या टाकीचा चिकट झालेला भाग पुसून सुधारणार नाही. ४०० नंबरनं तेवढी जागा आणि भोवतीचा वीतभर पट्टा घासा, बाकी टाकीची चमक मारा, पुन्हा रंग द्या आणि पूर्ण टाकीवर पीयू क्लिअर मारून घ्या. सोबत झाकणाचं रबर तपासा. ते कडक झालं असेल तर टाकी भरल्यावर ब्रेक मारताना पेट्रोल झिरपतं आणि झाकणाभोवतीचा रंग आधी जातो. रबर अगदी स्वस्तात मिळतं. टाकी काठोकाठ भरणंही टाळा. उन्हात पेट्रोल प्रसरण पावून बाहेर येतं.

रंग मारताच जागोजागी वाटाण्याएवढे गोल खड्डे पडले, आत अस्तर दिसतंय. वरून आणखी दोन हात मारले तरी भरत नाहीत.
— एक वाचक, उमरगा (जि. धाराशिव)

भरणारही नाहीत. तिथं तेल किंवा सिलिकॉन आहे आणि रंग त्याच्यापासून पळतोय. टायरला, डॅशबोर्डला लावायची चमक, चेनचा स्प्रे, गाडी धुतल्यावर मारलेलं पॉलिश यांत सिलिकॉन असतं. डोक्याला तेल लावलेला हात टाकीवर फिरला तरी एवढं पुरतं. शेजारी कुणी चेनला स्प्रे मारत असेल तर तो हवेतूनही येतो.

आपल्याकडे रंगाआधी पेट्रोलनं पुसायची सवय आहे. पेट्रोल उडतं, पण मागं तेलकट पापुद्रा ठेवून. रॉकेलचं तर त्याहून वाईट. घासण्याच्या आधीच भांड्याच्या साबणानं दोनदा धुवा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी घासलं तर ग्रीस पेपरच्या ओरखड्यांत भरतं आणि मग निघत नाही. रंगाच्या आधी औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल एका फडक्यावर घेऊन पुसा आणि ते ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल इकडून तिकडं जातं, निघत नाही. ताज्या स्प्रेच्या अस्तरावर हे अल्कोहोलचं फडकं चोळू नका, अस्तर मऊ पडतं. हलका एकच हात.

आता खड्डे पडलेत तर थांबा. दोन दिवस वाळू द्या, खड्डे नाहीसे होईपर्यंत ४०० नं घासा, धुवा, पुसा आणि नव्यानं सुरू करा.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये रंगवलं. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, चमक नाही. कोणत्या महिन्यात रंगवणं बरं?
— एक वाचक, भोकरदन (जि. जालना)

आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४०-४२ अंश असतात. पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि उन्हात ठेवलेल्या टाकीला हात लावता येत नाही. अशा हवेत रंगाचा थेंब डब्यातून टाकीपर्यंत जाता जाताच अर्धा वाळतो. तो टाकीवर पसरत नाही, नुसता चिकटतो. ती खरखर म्हणजे हे वाळलेले थेंब. लांबून फवारलं तरी हेच होतं. तुमचा रंग पक्का बसला असेल तर फेकायची गरज नाही. १००० नंबरनं पाण्यात घासून गुळगुळीत करा आणि सकाळच्या गारव्यात एक ओला हात देऊन क्लिअर करून घ्या. मेटॅलिक रंग असेल तर मात्र घासून पॉलिश करता येत नाही. त्यातले चमकणारे कण कापले जाऊन डाग दिसतात. तिथं पुन्हा रंगाचा हातच द्यावा लागेल.

उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी साडेसहा ते नऊ. टाकी आदल्या रात्री घरात ठेवा, म्हणजे थंड राहील.

पावसाळ्यात अडचण उलटी. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. काळा रंग दुधाळ पांढरा दिसू लागतो. थोडाच पांढरेपणा असेल तर कोरड्या उन्हाच्या दिवशी वरून अगदी पातळ एक हात दिला की बहुधा जातो. भुरभुर चालू असताना रंगवू नका आणि पाऊस उघडल्याबरोबरही नको.

सगळ्यात चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन. सकाळी फार गारठा असेल तर डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करा. गरम पाण्यात किंवा गॅसजवळ कधीच नाही, ५० अंशांच्या वर डबा फुटू शकतो. शेजारच्या वावरात सोयाबीनची मळणी चालू असेल तर ते दोन दिवस थांबा. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतूही उडतात आणि ओल्या रंगावर बसले की काढता येत नाहीत. अंगणात आधी सडा मारा, धूळ बसते. बंद खोलीत मारू नका, वास डोक्यात जातो. तीन बाजूंनी जुन्या साड्या किंवा ताडपत्री लावलेला आडोसा आणि चौथी, वारा ज्या दिशेला जातो ती बाजू उघडी, एवढं पुरतं.

टाकीचा रंग टिकलाय, पण साइड पॅनलचा पापुद्र्यासारखा निघतो. नखानं ओढलं तर सलग सोलून येतो. दोन्हीला एकच रंग, एकच डबा.
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

रंग एकच असला तरी खालचा पदार्थ वेगळा. पॅनल प्लॅस्टिकचे आहेत. आतल्या बाजूला बारीक अक्षरं कोरलेली असतात ती बघा. एबीएस असेल तर काम सोपं. साबणानं धुवा, ४०० नंबरनं पूर्ण घासा, पुन्हा धुवा, प्लॅस्टिकचं अस्तर द्या आणि रंगवा. पीपी असेल, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तर त्याला रंग नुसता घासून धरत नाही. त्यासाठी अॅडहीजन प्रमोटर नावाचा पारदर्शक द्रव मिळतो. त्याचा एक पातळ हात देऊन डब्यावर लिहिलेल्या वेळेतच रंग मारायचा. काळ्या, न रंगवलेल्या, किंचित मेणचट लागणाऱ्या भागांत बहुधा पीपीच असतं. पुढचे मडगार्ड, चेनजवळची कव्हरं. आमचं मत विचाराल तर असे भाग रंगवूच नका, काळेच राहू द्या.

कारखान्यातून आलेल्या पॅनलवर साचा सुटायला लावलेला मेणासारखा थर कधीकधी राहतो. नवे स्वस्तातले पॅनल आणून रंगवणाऱ्यांनी तो गरम साबणाच्या पाण्यानं आधी काढलाच पाहिजे. तुमच्या पॅनलवरचा सैल रंग पूर्ण काढा. त्यासाठी थिनर ओतू नका, एबीएस विरघळतं आणि पुढं त्यात बारीक तडे जातात.

आधी ब्रशनं ऑइलपेंट मारला होता. आता त्यावर स्प्रे मारला तर सगळ्या टाकीवर सुरकुत्या आल्या.
— एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

ऑइलपेंट वरून वाळला तरी आत बरेच दिवस मऊ असतो. स्प्रेचा तिखट थिनर त्यात शिरला, थर फुगला आणि आक्रसला. उलटं चालतं, स्प्रेवर ऑइलपेंट मारला तर बहुधा काही होत नाही. आता सुरकुतलेला भाग खरवडून काढावाच लागेल. पेंट रिमूव्हर हातमोजे घालून लावा, फुगलेला रंग प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा, भरपूर पाण्यानं धुवा आणि लोखंडापासून सुरुवात करा. प्लॅस्टिकच्या भागांना रिमूव्हर लावू नका.

पण ऑइलपेंटला कमी लेखायचं कारण नाही. चॅसी, स्टँड, लेगगार्ड, मागचं कॅरिअर यांना तोच सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ. आधी रेड ऑक्साइडचा एक हात, तो वाळल्यावर १०० मिली ऑइलपेंटमध्ये १० मिली टर्पेंटाइन, मऊ ब्रश, दोन पातळ हात आणि मध्ये एक पूर्ण दिवस. थिनर म्हणून पेट्रोल घालू नका. चॅसीवर हँडलच्या मानेजवळ कोरलेला चॅसी नंबर जाड रंगानं बुजू देऊ नका, त्यावर टेप लावा. पासिंगला किंवा गाडी विकताना तो वाचता आला पाहिजे.

टाकी एका बाजूनं चेपली आहे. लांबी भरली तर वर्षात तडकते असं मेकॅनिक म्हणतो.
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

जाड भरली तर तडकते. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा पोचा हार्डनर घालायच्या पॉलिएस्टर लांबीनं भरता येतो. १०० ग्रॅम लांबीला सुमारे २ ग्रॅम हार्डनर, आणि उन्हाळ्यात त्याहून किंचित कमी. रंग एकसारखा होईपर्यंत पत्र्याच्या तुकड्यावर कालवा. दहा-पंधरा मिनिटांत ती आवळते, म्हणून लागेल तेवढीच थोडी थोडी कालवा. जागा ८० नंबरनं खरबरीत केलेली हवी आणि लांबी पक्क्या लोखंडावर किंवा घट्ट अस्तरावर बसली पाहिजे, गंजावर किंवा सैल जुन्या रंगावर नाही. एकदम न भरता दोन पातळ थरांत भरा. हार्डनर जास्त झाला तर तो नंतर वरच्या फिक्या रंगात डाग उमटवतो. लांबीवर पाणी लावून घासू नका, ती पाणी पिते. कोरडंच घासा, मग अस्तर.

ट्यूबमधली एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी फक्त ओरखडे आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रं बुजवायला. तिनं पोचा भरला की मेकॅनिक म्हणतात तसंच होतं. पोचा खोल असेल, किंवा चेपलेल्या जागी पेट्रोलची ओल दिसत असेल तर लांबीचा विचार सोडा. टाकीला वेल्डिंग लागेल, आणि ते पेट्रोलच्या टाक्या करणाऱ्या माणसाकडूनच.

सायलेन्सरला काळा स्प्रे मारला, दुसऱ्याच दिवशी धूर आणि पोपडे.
— एक वाचक, किनवट (जि. नांदेड)

साधा रंग इंजिनजवळच्या पाइपवर टिकणारच नाही. सायलेन्सरसाठी उष्णता सोसणारा, ६०० अंशांपर्यंतचा सिलिकॉन स्प्रे वेगळा मिळतो. गंज तारेच्या ब्रशनं आणि १२० नंबरनं काढा, अल्कोहोलनं पुसा, अस्तर किंवा लांबी लावू नका. थेट दोन-तीन पातळ हात. हा रंग उष्णतेनंच पिकतो. दुसऱ्या दिवशी इंजिन १० मिनिटं चालू ठेवा, पूर्ण गार होऊ द्या, मग २० मिनिटं, पुन्हा गार. तोवर नखानं ओरखडा पडतो, म्हणून हात लावू नका. गाडी मोकळ्या जागेत ठेवा, धूर निघतो.

लाल गाडी काळी करायची आहे. कागदपत्रांची काही अडचण येते का? मित्र मिलिटरी हिरवा म्हणतोय.
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

मिलिटरी हिरवा नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. लाल गाडी काळी करायची तर आधी आरटीओत विचारून अर्ज करा. गाडीचा रंग नोंदणीच्या कागदावर लिहिलेला असतो. तो आणि गाडी जुळली नाही तर तपासणीत, विम्याच्या दाव्यात आणि विक्रीत अडचण येते. आहे तोच रंग पुन्हा देणाऱ्यांना हे काही करावं लागत नाही, आणि बजेट तंग असेल तर तेच बरं. आतले कोपरे, टाकीच्या खालची बाजू जुन्या रंगात राहिली तरी दिसत नाही, एक डबा वाचतो.

ओघळ आलाय. बोटानं पुसू का? आणि स्टिकर कधी लावू?
— एक वाचक, पैठण (जि. छत्रपती संभाजीनगर)

बोट लावू नका. ओघळ पूर्ण वाळायला त्या जागी दोन-तीन दिवस लागतात, कारण तो जाड असतो. मग लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला ६०० नंबर गुंडाळून फक्त ओघळाच्या माथ्यावर घासा. नुसत्या बोटानं घासलं तर दोन्ही बाजूला खड्डा पडतो. सपाट झाल्यावर १००० नं पुसून वरून एक हलका हात.

स्टिकर निदान आठ दिवस लावू नका. रंगातला थिनर अजून बाहेर पडत असतो, त्याला वाट मिळाली नाही की स्टिकरखाली फुगे येतात. लावताना पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून जागा ओली करा, म्हणजे स्टिकर सरकवता येतो, आणि मधून बाहेरच्या बाजूला जुन्या एटीएम कार्डनं पाणी काढा. पहिले आठ दिवस गाडी धुऊ नका, नुसतं ओल्या फडक्यानं पुसा. महिनाभर वॅक्स नाही, आणि वॉशिंग सेंटरवरचा दाबाचा पाइप टाकीच्या कडेजवळ आणू देऊ नका. पाणी कडेखाली शिरलं की नवा रंगही उचलला जातो.